जुनी अमेरिकी स्लँग संवादात वापरताना या चुका टाळा

अमेरिकेत १९२० ते १९६० च्या दरम्यान घडणारी कथा किंवा नाटक लिहिताना, लेखन इंग्रजीत असो वा मराठीत, पात्रांच्या तोंडी त्या काळची स्लँग, म्हणजे अनौपचारिक बोलीतले शब्द, घालावीशी वाटणे स्वाभाविक आहे. एखादा नेमका शब्द जे साधतो ते पानभर वर्णनाने साधत नाही. मात्र हाच शब्द चुकला की जाणकार वाचकाचा विश्वास त्या ओळीवरच उडतो. माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: आपण शब्द एका दशकाचा समजतो, प्रत्यक्षात तो ठरावीक वर्षी, ठरावीक माणसांच्या तोंडी असतो.

शब्द जन्मला होता का?

रूढ चाकोरी नाकारणाऱ्या तरुणांसाठीचा ‘बीटनिक’ हा शब्द हर्ब केन या स्तंभलेखकाने २ एप्रिल १९५८ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये प्रथम छापला आणि त्यातील ‘निक’ हे शेपूट ऑक्टोबर १९५७ मध्ये सोडलेल्या स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहावरून आले. त्यामुळे १९५५ सालच्या कॉफीगृहात कोणी कोणाला बीटनिक म्हणू शकत नाही, ‘बीट’ चालेल. ‘स्नाफू’ (सगळा गोंधळ) हा दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचा शब्द आहे, तो पहिल्या महायुद्धाच्या खंदकात नेऊ नये. याउलट ‘ग्रूव्ही’ (झकास) साठच्या दशकातला वाटतो, परंतु जॅझ वादकांमध्ये तो त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला होता.

शब्द शिळा होण्याचाही काळ असतो. ‘ट्वेंटी-थ्री स्किडू’ (चालते व्हा, निघा) या शब्दाची लाट १९०६ च्या सुमाराची आहे. १९२६ मधली तरुणी तो शब्द सहज वापरू लागली तर खटकते. तिच्या वडिलांनी वापरला आणि ती ओशाळली, तर एका ओळीत दोन पिढ्या उभ्या राहतात.

अर्थ तोच होता का?

ही चूक सर्वांत फसवी आहे, कारण शब्द त्या काळात सापडतो आणि लेखक निश्चिंत होतो. १८८० च्या दशकात ‘ड्यूड’ म्हणजे नटूनथटून मिरवणारा शहरी छानछोकी माणूस. त्या काळच्या गुराख्याने मित्राला प्रेमाने ‘ड्यूड’ म्हणून हाक मारणे अशक्य आहे. ‘गनसेल’चे उदाहरण आणखी बोलके आहे. रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेट यांनी ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) या कादंबरीत हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा अर्थ वयस्क पुरुषाने लैंगिक संबंधासाठी जवळ ठेवलेला तरुण असा होता. वाचकांनी ‘गन’वरून तो बंदूकधारी गुंड असा घेतला आणि पुढे तोच अर्थ रूढ झाला. कथा १९२८ ची असेल तर पहिला अर्थच धरावा.

बोलणारा कोण आहे?

जॅझ गायक कॅब कॅलोवे यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीच्या जाइव्ह बोलीचा छोटा कोश काढला, तेव्हा ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय संगीतकारांची बोली होती. त्याच वर्षीच्या बॉस्टनमधील गोऱ्या बँक अधिकाऱ्याच्या तोंडी ती घालायची असेल, तर तो ती कोठे शिकला हे कथेत दिसायला हवे. महामंदीच्या काळात मालगाडीवरून फिरणारे भटके रेल्वेच्या पोलिसाला ‘बुल’ आणि रुळांजवळच्या आपल्या तळाला ‘जंगल’ म्हणत. ‘हूव्हरव्हिल’ हा झोपडवस्तीचा शब्द मात्र वृत्तपत्रांमुळे घरोघरी पोहोचला होता.

केवळ जुने चित्रपट पाहून कान तयार करू नये. जुलै १९३४ पासून हॉलिवूडमध्ये हेज संहितेची, म्हणजे चित्रपटांत काय दाखवावे-बोलावे यावरच्या नियमांची, कडक अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे पडद्यावरचा गुंड रस्त्यावरच्या गुंडापेक्षा फारच सोवळे बोलतो. जोनाथन ग्रीन यांचा स्लँगकोश ऑनलाइन असून त्यात शब्दांचे तारीखवार दाखले मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे आणि फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या सरकारी लेखक-योजनेने १९३६ ते १९४० मध्ये नोंदवलेल्या सामान्य माणसांच्या मुलाखती वाचता येतात. या मुलाखतींत एक गोष्ट ठळकपणे दिसते: माणसे बहुतेक वेळ साधेच बोलतात.

मराठीत लिहिताना

‘टू बिट्स’ म्हणजे पाव डॉलर. त्याला ‘पावली’ म्हणण्याचा मोह होतो, कारण हिशेब अचूक जुळतो. परंतु त्या एका शब्दाने शिकागोचा न्हावी थेट गिरगावात येऊन बसतो. त्यापेक्षा मूळ शब्द ठेवावा आणि अर्थ कृतीतून दाखवावा: “दाढीचे टू बिट्स,” न्हावी म्हणाला, आणि गिऱ्हाइकाने पंचवीस सेंटचे नाणे फळीवर ठेवले.

संवाद गजबजलेला वाटत असेल, तर त्यातील सर्व स्लँग काढून तो वाचून पाहावा. “अरे बेबी, हा जॉइंट म्हणजे कॅट्स पजामाज, पण बुल्स येतायत, चल ब्लो!” (जॉइंट म्हणजे अड्डा, कॅट्स पजामाज म्हणजे झकास, बुल्स म्हणजे इथे पोलीस, ब्लो म्हणजे पळ काढ.) या वाक्यात घाई आहे, भीती मात्र नाही. “पोलीस आलेत. मागच्या दाराने चल,” एवढे त्याने म्हटल्यावर ती हातातला पेला न ठेवता म्हणते, “आणि ही हूच कोण संपवणार?” दारूबंदीचा काळ कळण्यासाठी चोरट्या दारूचा ‘हूच’ हा एक शब्द पुरतो.