स्लो कुकरमध्ये फळभरले वाटीकेक: सगळी लढाई पाण्याशी

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर सावकाश शिजवणारं विजेचं भांडं. त्यातला केक बिघडला की लोक मैद्याला, अंड्यांना, बेकिंग पावडरला दोष देतात. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. ते दोन वाटांनी येतं: वरून झाकणाचं आणि आतून फळाचं. या दोन वाटा बंद केल्या की बाकीचं काम पोहे करण्याइतकं सोपं आहे. म्हणून सोप्या पायऱ्या मी भराभर सांगते आणि या दोन ठिकाणी थांबते.

मी गोव्यात फोंड्याला राहते. घरात ओव्हन नाही, आणि मे महिन्यातल्या उकाड्यात स्वयंपाकघरात ओव्हन पेटवावा असं वाटतही नाही. स्लो कुकर साधारण २०० ते ३०० वॅट वीज घेतो आणि खोली तापवत नाही. फक्त त्याच्याकडून काय मिळणार हे आधी समजून घ्या. आतली उष्णता उकळत्या पाण्याच्या पुढे जात नाही, आणि केकाला तांबूस रंग यायला साधारण १४० अंशांच्या वर तापमान लागतं. त्यामुळे हा केक फिकट, मऊ आणि ओलसर होतो. त्याचं नातं बेकरीतल्या केकपेक्षा आपल्या सांदणांशी जास्त जवळचं आहे. रंग हवाच असेल तर साखरेऐवजी माडाचा काळा गूळ किसून घाला. दोदोल या गोव्याच्या मिठाईला जो रंग येतो तोच इथे येतो, चवही भरदार होते.

सहा वाट्यांचं प्रमाण: मैदा १५० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, मऊ लोणी १०० ग्रॅम, अंडी २, दूध ६० मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, चिमूट मीठ, थोडी वेलची. आणि फळाचं घट्ट सारण साधारण १०० ग्रॅम. वाट्या स्टीलच्या, सरळ कडांच्या, १५० मिलीच्या. सहा लिटरच्या लांबट कुकरात सहा बसतात, साडेतीन लिटरच्या गोल कुकरात तीन. केक एकावर एक रचून दोन मजले करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खालचे गिच्च राहतात.

आता फळ.

ताज्या फळाचे तुकडे थेट पिठात टाकायचे, हा सल्ला मला पाहिजे तितक्या वेळा मिळाला आहे आणि तो चूक आहे. ओव्हनमध्ये कोरडी हवा खेळते, फळाचं पाणी काही अंशी तरी उडून जातं. स्लो कुकरमध्ये ते उडून जाणार कुठे? सुटलेला रस तुकड्याभोवतीच साचतो आणि तिथलं पीठ खळीसारखं कच्चं राहतं. अननसाचं तर दुहेरी दुखणं. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारा ब्रोमेलेन असतो. तो दुधात मिसळला की कडवटपणा येतो, आणि आपल्या पिठात दूध, लोणी दोन्ही आहे. अननस शिजवला की हा प्रश्न मिटतो.

म्हणून कोणतंही फळ आधी कढईत आटवा. दोन वाट्या बारीक चिरलेलं फळ किंवा गर, दोन-तीन चमचे साखर, मंद आच, आणि मधूनमधून ढवळणं. किती आटवायचं याला घड्याळ लावू नका, ताटली वापरा. स्टीलच्या थंड ताटलीवर चमचाभर सारण टाका, एक मिनिट थांबा, मग ताटली उभी धरा. ढिगाऱ्याच्या कडेने पातळ पाण्याची रेघ ओघळली तर अजून आटवायचं आहे. ढीग आहे तिथेच थांबला, हळूच खाली सरकला आणि मागे कोरडी चकचकीत वाट राहिली, की झालं. सारण पूर्ण गार करून वापरा. गरम सारण लोणी वितळवतं आणि तळाशी जाऊन बसतं.

गोव्यातल्या घरांत हे आटवायचं काम बऱ्याचदा आधीच झालेलं असतं. पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत बरणीत भरून ठेवलेला आंब्याचा मांगाड, केळ्यांची फिगाद, नाहीतर पेरूची पेराद, यांतलं एखादं घरात असेल तर ही पायरीच गाळा. मांगाड चमच्याने, पेराद बोटाच्या पेराएवढे तुकडे करून. पेरादीचा तुकडा आत मऊ होतो पण पसरत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. मांगाडाला मुसराद आंबाच बरा. मानकुराद आटवून केकात घालणं मला पटत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ज्याच्या डझनाला हजारो रुपये पडतात तो आंबा कापून खावा.

फणस घ्यायचा तर काप्याचे गरे बारीक चिरून गुळात परतून घ्या. रसाळ फणस सांदणांना द्यावा, इथे तो फार पाणी सोडतो. फणसाच्या केकासाठी वाटीच्या तळाला हळदीच्या पानाचा गोल तुकडा ठेवून पाहा. पातोळ्यांचा तो वास केकात उतरतो. एरवी केळीच्या पानाचा गोल तुकडा. बटर पेपरही चालतो, पण पान सुटतं छान.

वाट्यांना आतून लोणी लावून मैदा भुरभुरवा. कुकरात एका बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कढत पाणी घाला, झाकण लावा आणि हायवर अर्धा तास तापू द्या. ही पायरी गाळू नका. गार कुकरात वाट्या ठेवल्या तर पीठ इतकं सावकाश तापतं की बेकिंग पावडरचा जोर पीठ धरायच्या आतच संपतो, आणि केक दडस होतो. रिकामं भांडं पाण्याशिवायही तापवू नका, चिनी मातीच्या भांड्याला तडा जाऊ शकतो. तसंच तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका.

तेवढ्यात पीठ: लोणी-साखर फेटा, एकेक अंडं घाला, मैदा-पावडर चाळून दुधाबरोबर हलक्या हाताने मिसळा. चमच्यावरून थांबत थांबत पडेल इतपत घट्ट हवं. अंडी चालत नसतील तर त्यांच्या जागी पाऊण वाटी घट्ट दही आणि पाव छोटा चमचा सोडा, पण मग दूध बेतानेच घाला आणि पीठ कालवल्यावर एक मिनिटही ठेवू नका.

भरताना आधी चमचाभर पीठ, मध्यभागी छोटा चमचा सारण, वर उरलेलं पीठ. सारण वाटीच्या कडेला लागता कामा नये. लागलं की तिथे चिकटतं आणि काढताना केक तिथेच फाटतो. वाटी दोन तृतीयांश भरली की थांबा.

आता झाकण. माझे सुरुवातीचे केक इथेच गेले.

पहिल्या खेपेला मी भाचीच्या वाढदिवसाला सहा केक लावले होते. दीड तासाने झाकण उचललं. प्रत्येक केकाच्या वर थेंबांनी पाडलेले खळगे होते, अंगणात पागोळ्यांखालच्या मातीत पडतात तसे. बोटाने दाबलं तर पाणी वर आलं. कापून पाहिलं तर खालचा भाग उत्तम शिजलेला, जाळी पडलेली, आणि वरचा अर्धा इंच पांढरा, गिळगिळीत. मुलं वाट पाहत होती आणि मी वरचा थर सुरीने काढून उरलेलं वाढलं. त्यानंतर मी पिठात बदल करत बसले. दूध कमी केलं, मैदा वाढवला, वेळ दोन तासांवर नेली. वरचा थर तसाच ओला, आणि खालचा आता कोरडाठक्क.

कारण पिठात नव्हतंच. पाण्याची वाफ वर जाते, झाकणाची काच आतल्या हवेपेक्षा गार असते, तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते केकावर गळतं. मटण किंवा उसळ शिजवताना याचाच फायदा होतो, रस भांड्यात राहतो. केकाला मात्र ते मारक.

मग उपाय सुरू केले. प्रत्येक वाटीवर ॲल्युमिनियम फॉइल लावली. फॉइलच्या आतल्या बाजूलाच पाणी धरलं आणि फुगलेला केक तिला चिकटून वरची साल निघून आली. झाकणाखाली कागदी टॉवेल लावला. पावसाळ्यात आपल्याकडे तो पाकिटातून निघतानाच सर्दावलेला असतो. अर्ध्या तासात भिजून तो मध्ये झोळला आणि केकाला टेकला. दर वीस मिनिटांनी झाकण उघडून पुसायचं, हा सल्ला तर सगळ्यांत वाईट. एकदा झाकण उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि अर्धवट धरलेला केक मध्ये बसतो.

उत्तर घरातच होतं. सासूबाई पेडण्याच्या. त्या एकदा माझी खटपट पाहत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगो, सांदणांच्या झाकणाला पंचा बांधतेस ना? मग ह्याला का नाही?"

तेच करायचं, पण नीट. जुना, धुवून धुवून मऊ झालेला सुती पंचा घ्या. नवा घेऊ नका, खळीमुळे तो पाणी शोषत नाही. सुगंधी साबणाचा वास असलेलाही नको, तो वास केकाला लागतो. टर्किश टॉवेल जाड होतो, झाकण नीट बसत नाही आणि फटीतून वाफ जाते. पंचाची दुपदरी घडी करा, पावसाळ्यात चौपदरी. झाकण ओट्यावर सरळ ठेवून खालून पंचा घ्या, चारी टोकं वर आणून झाकणाच्या मुठीवर घट्ट गाठ मारा. खालच्या बाजूने तळहात फिरवून पाहा: कापड ताणलेलं हवं, मध्ये झोळ अजिबात नको. टोकं खाली लोंबू देऊ नका. ती कुकरच्या तापलेल्या धातूला टेकली तर करपू शकतात.

वाट्या ठेवताना त्यांच्यात बोटभर अंतर ठेवा. पाणी वाटीच्या एक तृतीयांश उंचीच्या वर गेलं तर थोडं काढून टाका. जास्त पाणी म्हणजे जास्त वाफ, आणि पंचाची ताकद तेवढीच. झाकण लावा, हायवर ठेवा, आणि सव्वा तास हात लावू नका. काचेतून डोकावायची सवय असेल तर पंचामुळे तीही आपोआप सुटते.

सव्वा तासाने पाहा. झाकण सरळ वर उचलून लगेच बाजूला न्या. वाट्यांवर ते तिरकं केलंत तर पंचातलं सगळं पाणी एका केकावर ओताल. पंचा ओला लागला पाहिजे, पण पिळल्यासारखा टपकत नसावा. टपकत असेल तर दुसरा कोरडा पंचा तयार ठेवून झटकन बदला. केकात सळई घालताना सारण टाळून कडेपासून थोडं आत घाला. मध्यात घातली तर आंबा चिकटून येतो आणि केक कच्चा आहे असं वाटतं. सळई कोरडी आली आणि वरचा भाग दाबल्यावर परत वर आला की झाला. नाहीतर आणखी पंधरा मिनिटं. माझ्या कुकरात दीड तास पुरतो. लोवर करू नका, पीठ धरायला फार उशीर लागतो.

जून-जुलैत वीज जाणार हे धरून चाला. शेवटच्या अर्ध्या तासात गेली तर झाकण तसंच ठेवा, भांड्यातली उष्णता बराच वेळ टिकते. पहिल्या अर्ध्या तासात गेली तर वाट पाहू नका. गॅसवर मोदकपात्रात पाणी उकळा, वाट्या त्यात ठेवा, झाकणाला तोच पंचा बांधा आणि पंचवीस-तीस मिनिटं वाफवा.

झाल्यावर वाट्या लगेच बाहेर काढा. बंद केलेल्या कुकरातही घाम धरत राहतो. दहा मिनिटं जाळीवर ठेवून कडेने सुरी फिरवा आणि उलट्या करा. आमच्या दमट हवेत बाहेर ठेवलेला केक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच खावा. फ्रिजमध्ये डब्यात तीन दिवस राहतो, खाताना पुन्हा पाच मिनिटं वाफ द्या. तेव्हाही झाकणाला पंचा बांधूनच.