परमिट रूम उघडण्यापूर्वी चालू खर्चाचा अंदाज कसा बांधावा

महाराष्ट्रात पब किंवा परमिट रूम काढू इच्छिणारे बहुतेक जण सुरुवातीच्या भांडवलाचा हिशेब अगदी बारकाईने मांडतात. सजावट, बार काउंटर, एसी, स्वयंपाकघर यांची अंदाजपत्रके तीन-तीन ठिकाणांहून मागवली जातात; दरमहाचा खर्च मात्र भाडे, पगार आणि लाइटबिल एवढ्या तीन ओळींत उरकला जातो. वास्तविक जागा टिकणार की नाही, हे या दुसऱ्या हिशेबावर ठरते. म्हणून करारावर सही करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर रुपयांत काढावे: एकही गिऱ्हाईक आले नाही, तरी दार उघडल्याच्या प्रत्येक दिवशी आपल्या खिशातून किती पैसे जाणार आहेत?

उदाहरणासाठी पुण्याच्या उपनगरातली दीड हजार चौरस फुटांची, साठ आसनांची जागा घेऊ. पुढच्या रकमा केवळ पद्धत समजावी म्हणून धरल्या आहेत. आपल्या भागातले दर चौकशी करूनच त्यांच्या जागी घालावेत.

सुरुवात भाड्यापासून करावी, कारण ते सर्वांत आधी सुरू होते. परमिट रूमसाठी लागणाऱ्या एफएल-३ या मद्यविक्री परवान्यासाठी अर्ज करताना जागा ठरलेली असावी लागते, राज्य उत्पादन शुल्क विभाग तिची पाहणी करतो, शाळा आणि प्रार्थनास्थळांपासूनचे अंतर तपासले जाते, आणि या सगळ्या काळात मालकाचे भाडे चालूच राहते. माझ्या मते किमान सहा महिन्यांचे भाडे विक्रीविना भरावे लागेल असे गृहीत धरावे आणि निदान काही महिने भाडेमुक्त मिळावेत यासाठी करारापूर्वीच आग्रह धरावा. एकदा सही झाली की मालकाकडे मागण्यासारखे काही उरत नाही.

भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी हा अनेकांच्या हिशेबातून सुटणारा खर्च आहे. स्वतंत्र रेस्टॉरंटमधील खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी लागतो, परंतु त्या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. आणि मद्य तर जीएसटीच्या कक्षेबाहेरच आहे. त्यामुळे भाडे, सजावट, यंत्रे, हिशेबनिसाची फी, जाहिरात अशा ज्या ज्या गोष्टींवर आपण जीएसटी भरतो, तो परत न मिळणारा खर्च म्हणूनच धरावा लागतो. मालक जीएसटीत नोंदणीकृत नसला तरी सुटका नाही, कारण १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा कर अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. म्हणजे १,८०,००० रुपये भाडे ठरले, तर वहीत २,१२,४०० रुपये लिहावेत.

पगाराची ओळ माणसे मोजून नव्हे, तर कामाच्या जागा मोजून काढावी. बार आठवड्याचे सातही दिवस चालतो आणि प्रत्येकाला साप्ताहिक सुट्टी द्यावी लागते, त्यामुळे दर सहा जागांमागे सातवा माणूस लागतोच. कॅप्टन, वेटर, बारटेंडर, तंदूरवाला, कुक, त्याचे मदतनीस, मोरीवरचा माणूस, सफाई आणि दारावरचा रखवालदार अशा बारा जागा असतील, तर चौदा जणांचा पगार धरावा. दहा किंवा अधिक कामगार असल्यास कर्मचारी राज्य विमा लागू होतो आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाला वेतनाच्या ३.२५ टक्के वाटा भरावा लागतो. वीस जण झाले की भविष्य निर्वाह निधीही आला. या व्यवसायातली बरीच मुले बाहेरगावची असतात, त्यामुळे त्यांचे दोन वेळचे जेवण आणि राहण्याची खोली हा खर्च पगाराइतकाच नक्की समजावा. चांगला बारटेंडर बहुतेक वेळा पगारापेक्षा नीटनेटक्या खोलीमुळे टिकतो, म्हणून इथे काटकसर करू नये. उदाहरणात पगार ३,२०,०००, जेवण व खोली ६०,००० आणि विमा, बोनस व रजेची तरतूद ४०,००० असे धरले, तर एकूण ४,२०,००० रुपये होतात.

विजेचा अंदाज शेजारच्या दुकानाच्या बिलावरून बांधू नये. प्रत्येक उपकरणाची यादी करावी, ते सरासरी किती वॅट खेचते आणि दिवसात किती तास चालते हे समोर लिहावे. बिअरचा कूलर आणि डीप फ्रीझर बंदच होत नाहीत: सरासरी ३०० वॅट खेचणारा एक कूलर दिवसाला ७.२ युनिट, म्हणजे तीस दिवसांत २१६ युनिट जाळतो, मग त्या दिवशी ड्राय डे का असेना. शिवाय मंजूर भारानुसार येणारा स्थिर आकार वापर शून्य असला तरी भरावाच लागतो आणि एप्रिल-मे मध्ये एसीमुळे बिल चढते. वर्षाची सरासरी ७५,००० रुपये धरू. व्यावसायिक गॅसचा १९ किलोचा सिलिंडर, बर्फ आणि उन्हाळ्यात लागणारा पाण्याचा टँकर हे खर्च विक्रीबरोबर वाढत असल्याने ते पुढच्या भागात मोजावेत.

त्यानंतर वर्षातून एकदाच भरायच्या रकमा येतात आणि बहुतेकांची दमछाक इथेच होते. परवान्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते आणि नूतनीकरणाची फी एकरकमी भरावी लागते. ही फी त्या गावाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते आणि ती वाढत राहते. २०२५-२६ या वर्षासाठी तिच्यात १५ टक्के वाढ झाली होती. त्याशिवाय अन्न परवाना, आरोग्य परवाना, संगीत वाजवण्याच्या हक्कांची शुल्के, विमा आणि अग्निशमन यंत्रणेची देखभाल आहे. मुंबईतल्या कमला मिल्स आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली. अग्निशमनाचा खर्च काटछाटीच्या यादीत कधीही घालू नये. या सगळ्यांची वार्षिक बेरीज करावी, बाराने भागावी आणि तेवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या बँक खात्यात टाकावी. उदाहरणात वर्षाचे बारा लाख, म्हणजे महिन्याला १,००,००० रुपये धरले आहेत. दुरुस्ती, कीटकनाशक फवारणी, धुलाई, फुटलेले ग्लास, हिशेबनीस असे किरकोळ खर्च ६०,००० आणि कर्जाचा हप्ता ८०,००० मिळवला, की महिन्याचा स्थिर खर्च ९,४७,४०० रुपये होतो.

हा आकडा तीसने भागू नये. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे तर आहेतच. निवडणुकीत मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही जातो, आणि गणेशोत्सवात स्थानिक आदेश वेगळे निघतात. वर्षात ३४५ दिवस विक्री होईल असे धरले, तर १,१३,६८,८०० रुपयांच्या वार्षिक खर्चाला भागून दिवसाला सुमारे ३३,००० रुपये येतात. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

आता मालाची किंमत पाहू. पंधराशे रुपयांच्या ७५० मिलीच्या बाटलीतून ३० मिलीचे पंचवीस पेग निघतात, म्हणजे कागदावर पेग साठ रुपयांना पडतो. सांडलेले, चुकून जास्त ओतलेले आणि ओळखीच्या माणसाला फुकट गेलेले धरले, तर प्रत्यक्षात तेवीसच पेग विकले जातात आणि पेग पासष्टला पडतो. हा फरक कमी करण्यासाठी मापाने ओतण्याची सक्ती आणि रोज रात्री बाटल्यांची मोजणी हे दोनच खात्रीचे उपाय आहेत. उत्पादन शुल्काच्या नोंदवहीसाठी मोजणी करावी लागतेच, तीच नफ्यासाठीही वापरावी.

विक्रीचा आकडा नेहमी कर वगळून लिहावा. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. मेनूवर करासह १६० रुपये लिहिले असतील, तर आपल्या हाती सुमारे १४५ रुपयेच राहतात. उरलेले सरकारचे असून ते मालाची थकबाकी भागवण्यासाठी वापरले की पुढच्या भरण्याला उसनवारी करावी लागते. करपूर्व विक्रीच्या शंभर रुपयांतून मद्य, किराणा, मटण-मासे, गॅस, बर्फ आणि कार्डावरचे बँक शुल्क यांवर पंचेचाळीस जातात असे धरले, तर पंचावन्न उरतात. रोजचे ३३,००० रुपये भागवायला ६०,००० रुपयांची विक्री हवी. माणशी सरासरी ८०० रुपये बिल धरल्यास पंचाहत्तर गिऱ्हाइके, म्हणजे सोमवार-मंगळवार धरून रोज साठही खुर्च्या एकदा भरून आणखी पंधरा जण यायला हवेत, आणि तरीही मालकाच्या घरी एक रुपया जात नाही. ज्या गल्लीत जागा घ्यायची, तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री नऊ वाजता जाऊन आसपासच्या बारमधली माणसे स्वतः मोजून यावीत.

शेवटी बारा महिन्यांचा तक्ता करताना सर्व महिन्यांत सारखी विक्री लिहू नये. गटारी अमावास्येला जागा पुरत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागला की मांसाहार व मद्य दोन्ही सोडणारे कितीतरी नेहमीचे गिऱ्हाईक महिनाभर फिरकत नाहीत. काही जण तर थेट गणपती उठल्यावरच येतात. नवरात्रातही असाच खड्डा पडतो, तर ३१ डिसेंबरचा आठवडा भरून काढणारा असतो. श्रावणाच्या रकान्यात विक्री चाळीस टक्क्यांनी कमी धरावी आणि स्थिर खर्च आहे तेवढाच ठेवावा. आपल्या उदाहरणात दिवसाला बरोबर ६०,००० रुपये विक्री होत असेल, तर अशा प्रत्येक दिवशी १३,२०० रुपयांची तूट येते, म्हणजे तीस दिवसांत सुमारे चार लाख. एवढी रक्कम, तीन महिन्यांचा स्थिर खर्च आणि पहिल्या ३१ मार्चची परवाना फी सजावटीच्या बजेटमधून आधीच बाजूला काढता येत नसेल, तर जागा लहान घ्यावी किंवा भाडे कमी असलेला भाग शोधावा.