भातलावणीआधी डिझेल तपासा: मुंबई परिसरातील शेतकऱ्यांसाठी सल्ला

मृग लागला की गोराई, मनोरी, आरेच्या भातखाचरांसाठी पॉवर टिलर बाहेर निघतात. उन्हाळाभर टाकीत पडून राहिलेल्या डिझेलवर इंजिन तसंच सुरू करू नका. आपली खारी, दमट हवा डिझेलला फार वाईट. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने वाफेचे थेंब पत्र्यावर धरतात आणि पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना लागतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढून काळपट, बुळबुळीत गाळ होतो. ऐन चिखलणीत इंजिन दम सोडू लागलं तर नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीला) हात घालण्याआधी या गाळाने फिल्टर तुंबलाय का, ते बघा.

आजच टाकीच्या तळातलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर दिसला किंवा डिझेल गढूळच राहिलं, तर टाकी रिकामी करून स्वच्छ डिझेलने विसळा, फिल्टर नवा बसवा आणि इंधनाच्या नळीतली हवा काढा. हंगामात टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा, म्हणजे रात्री आत ओल धरायला जागाच उरत नाही. डिझेल गॅल्वनाइज्ड डब्यात साठवू नका. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन तयार होणारे क्षार नोझलवर बसतात.

आता रॉकेलबद्दल. स्वस्त पडतं म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं मला अजिबात मान्य नाही. इंजेक्शन पंप म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल ढकलणारा इंजिनातला पंप. त्याच्या प्लंजरला (दट्ट्याला) आणि नोझलच्या सुईला डिझेलचंच वंगण मिळतं. रॉकेल पातळ, ते वंगण तुटतं, भाग झिजतात, फवारा बिघडतो आणि पुरतं न जळालेलं इंधन काळा धूर होऊन बाहेर पडतं. शिवाय रॉकेल हलकं. इंजेक्शन पंप इंधन मापाने सोडतो, वजनाने नाही, त्यामुळे प्रत्येक फवाऱ्यात ताकद कमी जाते आणि टिलर चिखलात अडतो. वाचलेल्या पैशापेक्षा पंपाची दुरुस्ती कितीतरी महाग पडते.

आपल्याकडच्या बीएस-6 (भारत स्टेज 6 या प्रदूषण मानकाच्या) डिझेलचा सीटेन किमान 51 असावा लागतो. सीटेन म्हणजे फवारा सिलिंडरमध्ये गेल्यावर किती चटकन पेट घेतो त्याचं माप. तो कमी असला की इंधन उशिरा पेटतं, मग एकदम भडकतं. इंजिन ठोके देतं आणि सुरू करताना पांढरा धूर सोडतं. निळसर धूर मात्र डिझेलचा नव्हे, इंजिन ऑइल जळत असल्याचा. आणि काळा धूर दिसला की भेसळीचा संशय घेण्याआधी एअर फिल्टर साफ करा. धुळीने कोंडलेला फिल्टरही तेच करतो.

डिझेलबद्दल शंका आली तर पेट्रोल पंपावर घनता मोजून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. फक्त एक लक्षात ठेवा: पेट्रोल पंपाच्या नोंदवहीतला आकडा 15 अंश तापमानाचा असतो. 30 अंशांना तेच डिझेल सुमारे 10 किलो प्रति घनमीटर हलकं दिसेल. तापमानाचा हा हिशेब केल्यावरही 3 पेक्षा जास्त फरक उरला तरच तक्रार करा.

1 एप्रिल 2020 पासून डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आलं. जुन्या इंजिनालाही हे डिझेल चालतं. वंगण कमी पडू नये म्हणून कंपन्या त्यात आधीच द्रव्य घालतात, तेव्हा वरून टू-स्ट्रोक ऑइल ओतू नका. गंधक घटलं म्हणून धूर निरुपद्रवी झाला असं नाही. जुन्या टिलरला धूर गाळणारं काहीच नसतं आणि काजळीचे बारीक कण मागे चालणाऱ्याच्याच छातीत जातात. शेडचं दार लावून इंजिन कधीही चालवू नका.

टाकीतून काढलेलं खराब डिझेल बांधावर ओतू नका. खाचरातल्या पाण्यावर त्याचा तवंग पसरतो आणि कोवळी रोपं करपतात. ते झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवून गॅरेजकडे द्या.