शेटलंडला पक्षी बघायला चाललात? आधी वारा बघा

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शेटलंडला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर, जाणार असाल तर दुर्बिणीच्या आधी हवामानाचं ॲप उघडा, खरंच सांगतोय. वारा पश्चिमेचा असेल तर निवांत चहा घ्या. पण पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असेल आणि त्यात ढग-पाऊस असेल तर उजाडायच्या आत बूट घालून तयार राहायचं, कारण रात्री नॉर्वेतून दक्षिणेकडे निघालेले पक्षी अशा हवेत भरकटतात आणि साडेतीनशेएक किलोमीटर समुद्र ओलांडून, दमून, जी जमीन पहिली दिसेल तिथे उतरतात.

बेटं शंभरावर, पण झाडं जवळपास नाहीतच! आपल्याला सवय मान वर करून बघायची, इथे मान खाली. दगडी कुंपणाची वारा न लागणारी बाजू, ओढ्यातलं गवत, सलगमचं शेत, कोणाच्या परसातली रुबार्बची पानं, सगळं बघायचं. परसात शिरण्याआधी विचारा, पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला बाहेर काढू नका, तो आधीच अर्धमेला असतो.

सिकॅमोरचं एखादं झाड सापडलंच तर तिथे दहा मिनिटं गप्प उभं राहा. वाऱ्यानं सगळी पानं एकाच बाजूला हलतात, एखादं पान उलटं हललं की दुर्बीण तिथेच. बहुतेक येलो-ब्राउड वॉर्बलर हा चिमुकला पक्षी निघतो, डोळ्यावर लांब फिकट भुवई, पंखावर दोन पट्टे, वजन साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढं, आणि आलाय कुठून तर सायबेरियातून. हिवाळ्यात सह्याद्रीत ग्रीनिश वॉर्बलर बघितला असेल तर चण लगेच ओळखीची वाटेल.

आता नोंद. रोज तोच रस्ता, तीच वेळ, आणि सगळं लिहायचं, फक्त दुर्मिळ नाही, मेडो पिपिटसारखे साधे पक्षी चाळीस असतील तर चाळीस. परतीच्या वाटेवर तेच पक्षी पुन्हा मोजू नका (मी पहिल्या वर्षी हेच केलं, आकडे काय भारी आले होते). फेअर आयल या शेटलंडच्याच बेटावर 1948 मध्ये सुरू झालेल्या पक्षी निरीक्षण केंद्राची पद्धत मस्त आहे, संध्याकाळी एकेका जातीचं नाव घ्यायचं आणि प्रत्येकानं आपापला आकडा सांगायचा. तुम्ही दोघंच असलात तरी जेवणानंतर हे करा, सकाळपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून रात्रीची बोट घेणार असाल तर उलटीची गोळी बोट सुटायच्या आधीच घ्या, नंतर काही उपयोग नाही. आणि उजाडताना डेकवर या, गॅनेट आणि फुलमार हे समुद्रपक्षी तिथूनच मोजायला लागा.