जंगलातली पहिली भटकंती: आधी वेळेचा हिशेब

पहिल्यांदा जंगलात चालायला जाणारे बहुतेकजण वाट किती किलोमीटरची आहे तेवढंच विचारतात. विचारायला हवा तो वेळ. मुळं, चिखल, आडवे पडलेले ओंडके यांत चालण्याचा वेग सारखा मोडतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा आकडा सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. नवख्याने त्याची दीडपट धरावी. म्हणजे ८ किलोमीटरची वाट आणि एकूण ३०० मीटर चढ असेल, तर दोन तासांऐवजी सव्वातीन, आणि थांबे धरून चार. पहिल्या वेळी याहून मोठी वाट घेऊच नका. तीही खुणा केलेली असावी, आणि ती सध्या खुली आहे का, परवानगी लागते का, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्या.

आता सूर्यास्तापासून उलटं मोजा. सूर्य सहाला मावळत असेल, तर चारपर्यंत सुरुवातीच्या जागी परत यायचं. दाट झाडीत अंधार माळरानापेक्षा बराच आधी पडतो, आणि कुणाचा पाय मुरगळला की तासाभराच्या वाटेला सहज तीन तास लागतात. त्यावरून मागे फिरायची वेळ काढा आणि कागदावर लिहून ठेवा. ती वाजली की फिरायचं, धबधबा पुढच्याच वळणावर असला तरी. घरच्या एका माणसाला वाटेचं नाव, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे तिन्ही सांगून निघा.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. चालताना घालायचे तेच मोजे घालून बघा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दोनेक आठवडे रोज वापरा. नवेकोरे बूट थेट जंगलात नेले की फोड ठरलेले. ओलसर, गरम कातडी एकाच जागी घासत राहिली की वरचा थर सुटतो आणि खाली पाणी भरतं. त्याआधी टाचेला किंवा करंगळीला चुरचुरतं, तेवढीच जागा गरम लागते. लगेच थांबा. बूट काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टीचे कोपरे गोल कापून ती सुरकुती न पडू देता लावा. पाच मिनिटांचं काम आहे. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणणाऱ्याला परतीची अख्खी वाट लंगडत काढावी लागते. उतार लागण्याआधी लेस घोट्यापाशी पुन्हा आवळा, नाहीतर पाय पुढे सरकून नखं बुटावर आपटत राहतात. नखं आदल्या दिवशीच कापलेली बरी.

सुती कपडे टाळा. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि थांबलं की तेच ओलं कापड अंगाला गारठवतं. लांब बाह्या, पूर्ण पँट, तिचं टोक मोज्यात खोचलेलं.

पाणी तासाला अर्धा लिटर, उकाड्यात जास्त; चार तासांना दोन लिटर आणि वर अर्धा राखीव. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्या, तासाभराने काहीतरी खा. सॅकमध्ये जड वस्तू पाठीलगत ठेवा, कंबरपट्टा कमरेच्या हाडावर आवळा. चार तासांचीच वाट असली तरी हेडटॉर्च, शिट्टी, पावसाचं जाकीट आणि कागदी नकाशा हवाच. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका; नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. धाप लागून वाक्य तुटलं, तर वेग जास्त आहे. ओंडका लागला तर थेट पलीकडे पाय टाकू नका. पलीकडच्या सावलीत साप असू शकतो. आधी पलीकडे वाकून बघा, मगच पाय टाका. फाटा आला की वळून मागे बघा, जमल्यास फोटो काढा. तीच वाट परतताना वेगळी दिसते, आणि बहुतेक चुकतात ते तिथेच.

खूण बराच वेळ दिसली नाही, तर जागीच थांबा. पाणी प्या, शेवटची खूण कुठे होती ते आठवा, खात्रीची असेल तरच तेवढंच मागे जा. ओढ्याच्या कडेने खाली उतरायचा मोह टाळा. पुढे कडा किंवा गच्च झाडोरा लागतो. रस्ता सापडेना तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं. ते ऐकू आलं तरी जागा सोडू नका, वाजवत राहा.

जळू चिकटली तर तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून सोडवा. मीठ टाकलं किंवा चटका दिला, तर ती पोटातलं जखमेत ओकू शकते. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागे गोचीड आहे का नीट तपासा. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, पिरगळू नका. तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा उठला, तर डॉक्टरांना ती सांगा.