रंकाळ्याचं पाणी आणि अंटार्क्टिकाचा बहर : घरगुती प्रयोग

एका कॉलेजच्या बायॉलॉजी लॅबमध्ये मी 31 वर्षं काढली. हुद्दा लॅब असिस्टंटचा, पण पोरांच्या तोंडी 'मामा'. एका जानेवारीत एका पोरीला सेमिनारला विषय मिळाला : ध्रुवीय किनाऱ्यावरचे प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक शेवाळाचे) बहर आणि त्यांतले सूक्ष्मजीव. रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, कोल्हापुरात बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर मिळतो. मी दाखवू काय?" त्यातून हा प्रयोग निघाला.

आधीच सांगून ठेवतो. रंकाळ्याचं पाणी गोडं, तिकडचं खारं. शिवाय ते उणे 1.8 अंशांपर्यंत थंड होऊनही द्रवच राहतं. तिकडचे जीव तुमच्या बरणीत येणार नाहीत. दिसेल ती एकच गोष्ट : शेवाळाचा बहर आला, की त्यावर जगणारे जिवाणू उबेत कसे तुटून पडतात आणि थंडीत कसे मागं रेंगाळतात.

घरचा फ्रीज वापरू नका. मी वापरला होता, त्याची बोलणी अजून खातोय. आमच्या मित्राच्या कोल्ड्रिंकच्या दुकानामागं काचेच्या दाराचा जुना फ्रीज पडून होता, आतली ट्यूब चालू. थर्मामीटर ठेवला तर 8 अंश. तोच घेतला, आणि त्यात खाण्यापिण्याचं काही ठेवायचं नाही असं ठरवलं.

पाणी भल्या सकाळी आणा. मी संध्यामठाच्या बाजूनं, जलपर्णी टाळून, वीतभर खोलीवरून दहा लिटर घेतलं. दुहेरी मलमलीतून दोनदा गाळा, नाहीतर पाणपिसवा आणि डासांच्या अळ्या तुमचा बहर तुमच्याआधी संपवतील. तिकडं हे काम क्रिल आणि कोपेपॉड हे कोळंबीच्या गोतावळ्यातले इवले प्राणी करतात.

आता खत. ऊसवाल्यांच्या कोल्हापुरात 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक ग्रॅम विरघळवा आणि त्यातलं 50 मिली दर लिटर तळ्याच्या पाण्याला घाला. हात सैल सोडू नका, हे उसाचं सरीचं पाणी नव्हे. मासेपेटीत ओतून गॅलरीत ठेवा. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन अंगावर नको. दिवसातून दोनदा हलवा.

हिरवेपणा मोजायला यंत्र लागत नाही. लांब काचेच्या नळकांड्याच्या बुडाशी काळी फुली चिकटवा, वरून बघत पाणी ओतत जा. फुली दिसेनाशी झाली, की पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. रोज एकाच वेळी, एकाच माणसानं बघायचं. आकडा घसरत गेला म्हणजे बहर चढतोय. माझ्याकडं सातव्या दिवशी तो घसरायचा थांबला.

तुम्ही खत चिमटीनं घातलंत, तिकडं ते हिवाळा घालतो. सूर्य नसतो, वादळं पाणी ढवळतात, खालचं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका वर येते. पण उजेड नाही म्हणून सगळं पडून राहतं. वसंतात ऊन येतं आणि बर्फ वितळतो. वितळलेलं पाणी कमी खारं, म्हणून हलकं. दुधावर साय धरावी तसं ते वर तरंगतं आणि शेवाळं त्या उजेडाच्या थरात अडकून राहतात. बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळ आधीच वाढलेलं असतं, त्याचं विरजणही पाण्यात पडतं. दक्षिण महासागरात भर समुद्रात नायट्रेट मुबलक असूनही लोह कमी पडतं. किनाऱ्याजवळ ते तळाच्या गाळातून आणि बर्फातून मिळतं, म्हणून तिथले बहर दाट. त्यात सिलिकाची पेटी अंगावर वागवणारे डायटम असतात, नाहीतर चिकट गोळ्यांच्या वसाहती करणारा फिओसिस्टिस. रॉस समुद्रात या दुसऱ्याचं मोठं राज्य आहे.

बहर भरला, की एक लिटर पाणी बाजूला काढा (पुढं लागेल) आणि उरलेलं नीट ढवळून तीन बरण्यांत सारखं वाटा. झाकणं सैल लावा.

पहिलीला काळा कागद गुंडाळून टेबलावर ठेवा, अंधारात शेवाळ वाढत नाही. दुसरीला काळा कागद गुंडाळून फ्रीजमध्ये. तिसरी फ्रीजमध्येच, पण कागदाशिवाय उघडी, ट्यूबच्या उजेडात आणि ट्यूब रात्रंदिवस चालू, कारण तिकडं भर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. या तिसरीकडं बघून दुकानातल्या कामाच्या पोरानं विचारलंच, "मामा, हे खस सरबत हाय व्हय?" त्याच दिवशी तिन्ही बरण्यांवर लाल अक्षरांत 'पिऊ नये' लिहिलं. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहा.

आता जिवाणू मोजायचे. इथं मी सपशेल चुकलो होतो, म्हणून सावकाश सांगतो.

बाजूला काढलेलं लिटरभर हिरवं पाणी उकळून कापडातून गाळा. बहरातून सुटलेला हाच खुराक. त्यात 15 ग्रॅम चायना ग्रास (म्हणजेच लॅबमधलं अगार) घालून विरघळवा, कुकरमध्ये पूर्ण दाबावर 20 मिनिटं ठेवा आणि मग प्लेटांत ओता. बाजारचं भारी न्यूट्रियंट अगार वापरू नका. श्रीमंत जेवणावर दुसरीच मंडळी माजतात. प्लेटा पूर्ण थिजून, गार होऊन, वरचं पाणी सुकू द्या.

बरणीतलं 1 मिली पाणी 9 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. त्यातलं 1 मिली पुढच्या 9 मध्ये. असं चार वेळा. शेवटच्या नळीतलं 0.1 मिली प्लेटवर टाकून, स्पिरिटच्या ज्योतीवर तापवून गार केलेल्या वाकड्या काचकांडीनं पसरवा. प्लेटला टेप लावा, पुन्हा उघडायची नाही. 30 ते 300 ठिपके (एकेका जिवाणूपासून वाढलेल्या कॉलनी) आले तर मोजणी धरायची. समजा 42 आले, तर एका मिलीत 42 लाख. ठिपके याहून कमी-जास्त आले, तर एक नळी मागं किंवा पुढं सरका.

पहिल्या खेपेला मी काय केलं? सवयीनं नमुना गरम अगारमध्ये मिसळून ओतला आणि सगळ्या प्लेटा 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. 31 वर्षं तेच करत आलो होतो. ते तापमान माणसाच्या अंगाचं, दवाखान्यातल्या जंतूंसाठी. फ्रीजमधल्या बरण्यांच्या प्लेटांवर जेमतेम काही उगवलं. मी पोरीच्या वहीत ऐटीत लिहून दिलं, 'थंडीत जिवाणू जवळजवळ नसतात.' तिनं वाचलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही थंडीतल्यांना तापात घातलंय की ओ." ते पान फाडलं. थंडीत रुळलेल्या जिवाणूंना वितळलेल्या अगारचा चटकाही पुरतो. तेव्हा पसरवायचं, ओतायचं नाही. आणि प्लेट बरणीच्याच तापमानाला ठेवायची. थंड प्लेटांना दोन-तीन आठवडे द्या. मधेच 'काही नाही' म्हणून टाकून देऊ नका.

दर दोन दिवसांनी तिन्ही बरण्यांच्या प्लेटा घाला. टेबलावरच्या बरणीला माझ्याकडं तिसऱ्या दिवशी वास सुटला, आकडा भराभर चढला आणि मग खाली आला. खाली का, ते मायक्रोस्कोपखाली कळतं : तुरुतुरु पळणारे इवले फ्लॅजेलेट (शेपटीनं पोहणारे एकपेशीय जीव) जिवाणू खात सुटलेले असतात. शेवाळातून गळलेली साखर जिवाणूंत, जिवाणू फ्लॅजेलेटांत, तिथून पुन्हा मोठ्या साखळीत. या फेऱ्याला अझम आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये 'मायक्रोबियल लूप' हे नाव दिलं. फ्रीजमधली काळी बरणी मात्र कितीतरी दिवस ढिम्म होती. नंतर तिथंही चढ आलाच, फक्त उशिरा. उघडी तिसरी हिरवीच राहिली.

हा उशीर म्हणजेच तुमचा सेमिनार. 1986 मध्ये पॉमरॉय आणि डायबेल यांनी न्यूफाउंडलंडच्या थंड किनारी पाण्यात हेच मांडलं : वसंतातला बहर भरात असतो, पण जिवाणू थंडीनं मागं पडलेले, म्हणून बरंचसं अन्न प्राण्यांना आणि तळाला जातं. पुढं यावर वाद झाले. थंडीतले जिवाणू पोटभर खुराक मिळाला तर चांगले कामाला लागतात, असंही दिसलं. माझ्या मते परीक्षकांपुढं दोन्ही बाजू ठेवाव्यात. नुसतं 'थंडीमुळं' म्हटलं की पुढचा प्रश्न अडकवणारा येतो.

तिकडच्या पाहुण्यांची नावंही माहीत असू द्या. पोलॅरिबॅक्टर हा ध्रुवीय पाण्यातला गाजलेला गडी. डायटम साठवून ठेवतात ती लॅमिनॅरिनसारखी साखर तो तोडतो. त्याच्या गोतावळ्यातल्या पुष्कळांच्या कॉलनी पिवळ्या-नारिंगी असतात. तुमच्या प्लेटवर पिवळा ठिपका आला म्हणून 'पोलॅरिबॅक्टर सापडला' म्हणू नका, रंगावरून जात ठरत नाही. अंटार्क्टिकाच्या किनारी पाण्यात हिवाळ्यात आर्किया (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या कुळातल्या) बऱ्याच असतात, उन्हाळ्यात त्या ओसरतात. आणि समुद्रातल्या शंभर जिवाणूंतला जेमतेम एखादा प्लेटवर उगवतो, म्हणून तिकडं चमकता रंग लावून मोजतात आणि डीएनए वाचतात. विषाणू तर जिवाणूंच्या साधारण दहापट. त्यांच्यासाठी आपल्या लॅबमध्ये काहीच नाही, तो परिच्छेद तोंडी सांगा.

भारताचं विचारलं तर : अंटार्क्टिकावर 'भारती' 2012 पासून, आर्क्टिकमध्ये न्यू-ओलेसुंदला 'हिमाद्री' 2008 पासून. हिमाद्रीसमोर 79 अंश उत्तरेचा कोंग्सफ्योर्डन आहे, अशा बहरांसाठी अभ्यासलेली खाडी. या कामाची राष्ट्रीय संस्था गोव्यात, म्हणजे आपल्या शेजारीच.

सगळं उरकल्यावर दर लिटरला चमचाभर ब्लीचिंग पावडर घालून रात्रभर ठेवा, प्लेटाही त्यात बुडवा, मग पाणी ड्रेनेजमध्ये. खत घातलेलं पाणी रंकाळ्यात परत ओतायचं नाही. त्याला आधीच पुष्कळ झालंय. फ्रीज पुसून परत दिला, तेव्हा मित्रानं थर्मामीटर मात्र ठेवून घेतला.