डी ड्राइव्ह काढला आणि संगणक सुरू होईना

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला घरी आले होते. अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष चालू होते आणि घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० च्या शेजारी उबुंटू १८.०४ ही लिनक्स प्रणाली मी स्वतःच बसवलेली असल्यामुळे, या यंत्रातले आपल्याला सगळे कळते असा माझा पक्का समज होता. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर सुरुवातीला विंडोजची दोन पार्टिशन (म्हणजे डिस्कचे वेगळे केलेले भाग), त्यांच्यामागे डी आणि ई ड्राइव्ह, मग उबुंटूसाठी राखलेले ४० जीबी आणि सर्वांत शेवटी ४ जीबीचे स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा), अशी मांडणी होती. उबुंटूची जागा भरत आली, म्हणून डी ड्राइव्हवरचे लग्नकार्यांचे फोटो आणि जुने चित्रपट मी ई वर हलवले, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डी ड्राइव्ह काढून टाकला आणि मोकळी झालेली जागा उबुंटूला देण्याच्या तयारीने संगणक पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर तीन ओळी आल्या: ‘एरर: अननोन फाइलसिस्टिम’, ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे लिहून लुकलुकणारा कर्सर. विंडोजही नाही आणि उबुंटूही नाही.

कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात फोनवर लक्षणे सांगितली, तर पलीकडून एका वाक्यात निदान झाले: फॉरमॅट मारावा लागेल. घरातले वीस वर्षांचे फोटो ई ड्राइव्हवर असल्यामुळे तो उपाय मी मनातसुद्धा आणला नाही. मग मामेभावाला, दादाला, विचारले. त्याने विंडोजची डीव्हीडी घालून कमांड प्रॉम्प्टवर ‘बूटरेक’ ही कमांड ‘फिक्सएमबीआर’ या पर्यायासह चालवायला सांगितली. ती चालवल्यावर विंडोज खरोखरच सुरू झाले, ई ड्राइव्हवरचे फोटो जागच्या जागी दिसले आणि आईने सुटकेचा निःश्वास टाकला. उबुंटूचे नावनिशाण मात्र उरले नाही. दादाचा सल्ला चुकीचा नव्हता, पण तो विंडोजपुरताच होता. शिवाय ज्या संदेशावरून मूळ बिघाड समजला असता तो संदेशच या उपायाने पुसला गेला होता, हे मला पुढचे दोन दिवस वाचन केल्यावर कळले.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एमबीआर प्रकारच्या, डिस्कवर अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. तक्त्यातली एक नोंद १६ बाइटांची असल्यामुळे तिथे चारच नोंदी मावतात, आणि म्हणूनच अशा डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन करता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर त्या चारांपैकी एकाला एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करावी लागतात. (पुढे नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत मला हेच गणित विचारले गेले, आणि ते मला पुस्तकामुळे नव्हे तर या दिवाळीमुळे येत होते.) ग्रब हा बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली निवडून चालू करणारा प्रोग्राम, ४४६ बाइटांत मावत नाही. त्याचा पहिला तुकडा तिथे बसतो, दुसरा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधी मोकळ्या सोडलेल्या पट्टीत बसतो, आणि उरलेला सगळा पसारा, म्हणजे मेनू, मॉड्यूल आणि सेटिंग, उबुंटूच्या पार्टिशनमधल्या बूट फोल्डरात असतो. तो पसारा कुठे आहे याचा पत्ता दुसऱ्या तुकड्यात कोरलेला असतो, आणि ग्रब त्याच डिस्कवर बसवलेला असेल तर तो पत्ता पार्टिशनच्या क्रमांकाने लिहिलेला असतो.

लिनक्समध्ये लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि ते ओळीने मोजले जातात. माझ्या डिस्कवर विंडोजनंतरची सगळी पार्टिशन लॉजिकल होती: डी हे ५, ई हे ६, उबुंटू ७ आणि स्वॅप ८ होते. चाळीतली पाचवी खोली पाडून पुढच्या सगळ्या खोल्यांच्या पाट्या एकेका आकड्याने मागे सरकवाव्यात, तसे डी काढल्यावर ई झाले ५, उबुंटू झाले ६ आणि स्वॅप झाले ७. ग्रबच्या हातातल्या चिठ्ठीवर मात्र अजून ७ च लिहिलेले होते. तो प्रामाणिकपणे सातव्या दारावर गेला, तिथे स्वॅप भेटले, स्वॅपमध्ये वाचण्याजोगी फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली ठेवण्याची रचना, नसते, आणि म्हणून त्याने ‘अननोन फाइलसिस्टिम’ असे सांगितले. डिस्कमध्ये बिघाड नव्हता, उबुंटूची एकही फाइल गेली नव्हती. फक्त पत्ता जुना झाला होता. पार्टिशनांमध्ये फेरफार केल्यावर संगणक सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा असेच असते, आणि त्यामुळे नवख्या माणसाने आधी कोणता पत्ता चुकला आहे ते शोधावे आणि तो सापडेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नये. फॉरमॅट, ‘फिक्सएमबीआर’, नवे इन्स्टॉलेशन, हे सगळे उपाय डिस्कवर लिहितात.

माझ्या बाबतीत ‘फिक्सएमबीआर’ने पहिल्या सेक्टरमधला ग्रबचा तुकडा बदलून टाकला होता, म्हणून ग्रब बाहेरून पुन्हा बसवणे भाग होते. विंडोजमधून रुफस हा प्रोग्राम वापरून उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर काही न बसवता ज्यावरून उबुंटू चालते असा) तयार केला आणि त्यावरून संगणक सुरू करून ‘ट्राय उबुंटू’ हा पर्याय निवडला. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड दिल्यावर सर्व डिस्क, पार्टिशन आणि त्यांचे आकार झाडासारखे दिसतात. ४० जीबीचे पार्टिशन ‘एसडीए६’ या नावाने समोर दिसले, तेव्हा वर सांगितलेला सगळा उलगडा एका क्षणात झाला. इथे घाई करू नये. पेनड्राइव्हही याच यादीत असतो, आणि नव्या यंत्रांत एनव्हीएमई डिस्क असेल तर नावे वेगळी असतात, म्हणून नावापेक्षा आकारावरून ओळख पटवावी.

त्यानंतरचे काम चार टप्प्यांचे आहे. उबुंटूचे पार्टिशन ‘एमएनटी’ या फोल्डरावर माउंट करायचे, म्हणजे तिथे उघडायचे, चालू असलेल्या लाइव्ह प्रणालीतले ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ हे तीन फोल्डर बाइंड पर्यायाने त्याच्या आत जोडायचे, ‘सीएचरूट’ करून, म्हणजे त्या उबुंटूलाच चालू प्रणाली मानून, आत शिरायचे, आणि तिथून ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’ चालवायचे. ‘ग्रब-इन्स्टॉल’ला पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते, पार्टिशनचे नव्हे. मी पहिल्यांदा शेवटी ६ हा आकडा लावून दिला, आणि ब्लॉकलिस्टविषयीचा लांबलचक इशारा वाचून निमूटपणे तो काढला. ‘अपडेट-ग्रब’ने विंडोजही शोधून मेनूत घातले. आज हेच करणाऱ्यांसाठी एक गोष्ट बदलली आहे: २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम मुळात बंद ठेवलेले असते, त्यामुळे मेनूत विंडोज दिसले नाही तर ते गेले असे समजू नये. ग्रबच्या डिफॉल्ट सेटिंगच्या फाइलीत ‘ओएस-प्रोबर’ चालू करून ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा चालवावे.

पुढच्याच सत्रात वसतिगृहातल्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर जवळजवळ हाच प्रकार झाला. तिच्याकडे स्वॅप पार्टिशन नव्हते आणि लिनक्स सर्वांत शेवटी होते, म्हणून तिच्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ असा संदेश होता: तिच्या ग्रबच्या चिठ्ठीवरची सहावी खोली आता चाळीतच नव्हती. या वेळी कोणी डीव्हीडी घालण्याच्या आत मी पोहोचले. रेस्क्यू प्रॉम्प्टवर फार थोड्या कमांड चालतात आणि टॅब दाबून शब्द पुरा होत नाही, पण तेवढ्या कमांड पुरतात. ‘एलएस’ दिल्यावर ‘एचडी०’ आणि त्यातली पार्टिशन कंसांत दिसतात. मग एकेका पार्टिशनचे नाव देऊन, शेवटी तिरकी रेघ लावून, पुन्हा ‘एलएस’ करायचे. विंडोजची पार्टिशन इथे ‘अननोन फाइलसिस्टिम’ असेच उत्तर देतात, कारण ग्रबच्या त्या छोट्या तुकड्यात विंडोजची एनटीएफएस फाइलसिस्टिम वाचण्याचे मॉड्यूल सहसा नसते. त्याने घाबरून जाऊ नये. ज्या पार्टिशनने ‘बूट’, ‘ईटीसी’, ‘होम’ अशी फोल्डरांची यादी दाखवली, ते आपले. त्याचे नाव घालून ‘सेट’ कमांडने आधी ‘प्रीफिक्स’ला त्यातल्या ‘बूट’मधल्या ‘ग्रब’ फोल्डराचा पत्ता दिला, मग ‘रूट’ला त्या पार्टिशनचा, नंतर ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी नुसते ‘नॉर्मल’. नेहमीचा मेनू आला. मेनूतल्या नोंदी पार्टिशनचा क्रमांक नव्हे तर त्याची यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनची स्वतःची वेगळी ओळखखूण) शोधतात, त्यामुळे तिथून पुढे उबुंटू विनातक्रार सुरू झाले. हा उपाय मात्र त्या एका वेळेपुरता असतो. आत गेल्यावर लगेच ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवले नाही, तर पुढच्या वेळी तोच प्रॉम्प्ट पुन्हा भेटतो.

माझ्या घरच्या संगणकाकडे परत येते, कारण मूळ हेतू, म्हणजे उबुंटूला जागा देणे, अजून तसाच राहिला होता. डीची मोकळी जागा आणि उबुंटू यांच्यामध्ये ई ड्राइव्ह उभा होता, आणि पार्टिशन फक्त लगतच्या मोकळ्या जागेतच वाढवता येते, ही साधी गोष्ट मी डी काढण्यापूर्वी पाहिलीच नव्हती. पार्टिशन बदलणाऱ्या जीपार्टेड या प्रोग्रामने ई डावीकडे सरकवता आला असता, पण पार्टिशनची सुरुवात हलवणे म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून दुसरीकडे ठेवणे. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला तासन्‌तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर फाइलसिस्टिम अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहते. घरी यूपीएस नव्हता आणि सांगलीच्या विजेवर माझा तितका विश्वास नव्हता. म्हणून ई ला हात न लावता मोकळ्या जागेत एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचे नवे पार्टिशन केले आणि ते प्रकल्पांच्या फोल्डरासाठी वापरले. नव्या लॉजिकल पार्टिशनने क्रमांक पुन्हा बदलू शकतात, हे आता अंगवळणी पडले होते. त्यामुळे लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक एकदा पुन्हा सुरू करून क्रमांक पाहिले आणि मगच ग्रब पुन्हा बसवला.

त्याच बैठकीत शेवटचे स्वॅप काढून ते ४ जीबी उबुंटूला उजवीकडून जोडले. शेवट वाढवण्यात काही हलत नाही, ते काम क्षणात झाले. पण त्यानंतर प्रत्येक वेळी सुरू होताना पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ येऊन संगणक दीड मिनिट थांबू लागला. सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफस्टॅब’ या फाइलीत जुन्या स्वॅपची यूयूआयडी तशीच होती आणि लिनक्सच्या सेवा सुरू करणारे सिस्टिमडी त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहत होते. ‘बीएलकेआयडी’ने सध्याच्या यूयूआयडी पाहिल्या, फाइलीतली ती ओळ काढली, ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या सेटिंगांतल्या ‘रिझ्यूम’ फाइलीत तोच जुना पत्ता होता तोही काढला, आणि सुरुवातीला लोड होणारी छोटी प्रणाली नव्याने बनवणारे ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवले. इथे स्वॅपऐवजी होमचे पार्टिशन गेले असते तर संगणक थांबून पुढे गेला नसता. तो इमर्जन्सी मोडमध्ये अडकला असता.

नव्या लॅपटॉपांवर यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत आणि जीपीटी हा पार्टिशनांचा नवा तक्ता असतो. तिथे एक पार्टिशन काढल्याने बाकीच्यांचे क्रमांक बदलत नाहीत, आणि उबुंटूचा ग्रब, बूटलोडर ठेवण्यासाठीच्या ईएफआय पार्टिशनमधल्या छोट्या फाइलीतली यूयूआयडी वाचून आपले घर शोधतो, त्यामुळे नुसता आकार बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते पार्टिशन काढून नवे केल्यावर, कारण तेव्हा यूयूआयडी बदलते, किंवा ‘हे १०० एमबीचे काय कामाचे’ म्हणून कोणी ईएफआय पार्टिशनच उडवल्यावर. दुरुस्तीची रीत वरचीच, फक्त ‘सीएचरूट’पूर्वी ईएफआय पार्टिशनही ‘बूट’मधल्या ‘ईएफआय’ फोल्डरावर माउंट करावे लागते, आणि लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच सुरू केलेला असावा लागतो. ‘सिस’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर दिसत नसेल तर तो जुन्या पद्धतीने सुरू झाला आहे, हे ओळखावे. विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर बूटच्या व्यवस्थेत बदल झाल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली नसेल तर या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजचे पार्टिशन लहान करायचे असेल तर ते विंडोजमधूनच करावे, आणि त्यापूर्वी फास्ट स्टार्टअप बंद करावे, नाहीतर बंद केलेले विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपलेले असते आणि लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देते.

त्या दिवाळीनंतर कोणत्याही डिस्कला हात लावण्यापूर्वी मी दोन कमांड चालवते: ‘एलएसबीएलके’ आणि पार्टिशनांचा तक्ता मजकुराच्या रूपात देणारी ‘एसएफडिस्क’ची डंप. दोन्हींचे उत्तर पेनड्राइव्हवर जाते. घरच्या डेस्कटॉपचा तक्ता मात्र मी वहीच्या पानावर हाताने लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. त्यात पाचव्या ओळीतला डी खोडलेला आहे आणि पुढचे आकडे लाल पेनाने बदललेले आहेत.